मांडीवरची गिटार

आमच्या घरात शुक्रवार हा बाबांच्या झोपेचा वार होता, आणि तो मी वर्षभर त्यांच्याकडून काढून घेतला. आठवड्याचे सहा दिवस ते एअर कंडिशनिंगच्या एका कंपनीत डक्टची ड्रॉइंग काढत. पत्र्याचे मोठाले चौकोनी बोगदे कुठल्या भिंतीतून जायचे, कुठे वळायचे, कुठे उघडायचे, हेच त्यांचं आयुष्य. सकाळी साडेसहाला घर सोडायचे, संध्याकाळी सहाला परत यायचे, आणि आल्यावर बूट काढायच्या आधी दाराजवळच्या स्टुलावर पाच मिनिटं नुसते बसून राहायचे. आई त्याला ‘बाबांचा थांबा’ म्हणायची. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, पाणीसुद्धा विचारायचं नाही. शुक्रवारी मात्र सुट्टी. दुपारी जेवून, पडदे ओढून, खिडकीतला एसी मोठा करून ते आडवे व्हायचे ते थेट असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, बांगेला उठायचे. मी सतरा वर्षांची होईपर्यंत हे असंच चाललं. आज माझं वय पन्नाशीच्या पुढे गेलंय, विमानतळांवरच्या खुर्च्यांत बसून बसून माझीही पाठ गेलीय, आणि आता कुठे मला त्या झोपेची किंमत कळते.

आम्ही बहारीनमध्ये, नईम नावाच्या वस्तीत राहायचो, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली शिंपी, शेजारी खुबूसची, म्हणजे अरबी रोट्यांची, भट्टी. पहाटे भट्टी पेटली की आमच्या स्वयंपाकघराची भिंत कोमट व्हायची, आणि आई तिच्याजवळ दह्याचं भांडं सरकवून ठेवायची. आखाती युद्ध संपून काही वर्षं झाली होती, पण तेव्हाही खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेल्या टेपचे डाग तसेच होते. आईने व्हिनेगर लावलं, रॉकेल लावलं, शेवटी नाद सोडला. घरात कायम तीन आवाज असायचे. एसीची घरघर, शिंप्याचं मशीन आणि बाबांची पेटी. ही पेटी त्यांनी मुंबईहून येताना रजईत गुंडाळून आणली होती. तिच्यासाठी आमचं अर्धं सामान मागे राहिलं, हे आईने त्यांना अखेरपर्यंत ऐकवलं.

बाबा गायचे नाहीत, साथ करायचे. आमच्या मराठी मंडळात गाणारे पुष्कळ होते. बँकेतले, रिफाच्या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यांतले, इंजिनियरांच्या बायका. साथीला मात्र बाबाच. त्यातले बरेचसे गाणारे कधीतरी सुरातून घसरायचे, शब्द विसरायचे, अंतरा भलतीकडेच उचलायचे. बाबा मान खाली घालून त्यांच्या मागेमागे असायचे, प्रत्येक शब्दाला. कुणी अडखळलं की पेटी अशी हलकेच पुढे यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, इथे असंच आहे. मग टाळ्या पडायच्या, हार गाणाऱ्याच्या गळ्यात. घरी येताना गाडीत आई म्हणायची, "अहो, दुसरं कडवं तुम्हीच गायलात की पेटीवर." बाबा म्हणायचे, "कुणाला कळलं नाही ना? मग झालं."

मला त्यांनी शिकवलं ते मामाच्या हवाईयन गिटारवर. मामा दादरला ऑर्केस्ट्रात ही गिटार वाजवायचा. नोकरी लागली, लग्न झालं, आणि गिटार माळ्यावर गेली. एका सुट्टीत मी ती खाली काढली आणि परत येताना बरोबर आणली. ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत सळी, ती तारांवरून सरकवायची, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. बाबांना गिटारची काही माहिती नव्हती. ते पेटीवर भावगीताची ओळ वाजवायचे आणि म्हणायचे, "आता तू म्हण." वाजव नाही, म्हण. "शब्द ऐकू आला पाहिजे मंजू. नुसता सूर काय, एसीही लावतो." त्यामुळे चौदाव्या वर्षापासून मी गाणाऱ्याच्या मागे सावलीसारखी जायला शिकले. दुसरं काही वाजवणं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

हार्लन आमच्या आयुष्यात आले ते आईमुळे. आई एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिथे एक साठीचा उंच अमेरिकन माणूस हाताच्या व्यायामाला यायचा. जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत फोरमन होता, एकटा राहायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं हळूहळू तळव्याकडे वळत चालली होती आणि सरळ होत नव्हती. आईने एकदा सहज म्हटलं, व्यायामाने फरक पडेल. तर तो म्हणाला, पडून काय करू, या बोटांचं माझं कामच संपलंय, मी गिटार वाजवायचो, मांडीवर ठेवून. आईला कुठे गप्प बसवतंय. ती म्हणाली, "माय डॉटर आल्सो. सेम टू सेम." घरी येऊन तिने मला हे सांगितलं तेव्हा ती पापलेट साफ करत होती. "जाऊन ये एकदा," म्हणाली, "बिचाऱ्याशी बोलायला कुणी मफी." मफी म्हणजे नाही, हा तिथला अरबी शब्द तिच्या मराठीत कायमचा शिरला होता.

एकटं जाणं शक्यच नव्हतं. सतरा वर्षांची मुलगी, एकट्या परक्या माणसाच्या घरी. हे कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी पडदे ओढले नाहीत, गाडीची किल्ली घेतली. बुदैयाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खजुराच्या बागा, मध्येच एखादा नवा बंगला, आणि एसी कसाबसा चालणारी आमची जुनी टोयोटा. हार्लन यांचं घर एका बागेच्या कडेला होतं. बाबा दाराजवळच्या सोफ्यावर गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले, आणि पुढे वर्षभर दर शुक्रवारी तिथेच, तसेच बसले. डोळे जड व्हायचे, मान एकदा खाली यायची, की परत ताठ. एकदा मी म्हटलं, बाबा, जरा टेकून घ्या ना. तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी झोपतात का?"

हार्लन यांनी पलंगाखालून गिटारची पेटी ओढली आणि उघडली. आत मांडीवरचीच गिटार, पण तिच्या पोटावर मध्यभागी निकेलचं भोकाभोकांचं गोल झाकण. आईने नंतर ती पाहिली तेव्हा म्हणाली, हिला चहाची गाळणी कुणी बसवली. त्या झाकणाखाली ॲल्युमिनियमचा अगदी पातळ, वाटीसारखा खोल पत्रा असतो, तारांची थरथर त्याच्यावर जाते आणि तो बोलतो. हिला रेझोनेटर गिटार म्हणतात. मी पहिली तार छेडली आणि आवाज माझ्या मांडीच्या हाडापर्यंत उतरला. बाबा सोफ्यावरून म्हणाले, "पत्रा चांगला आहे." त्यांच्या तोंडून पत्र्याची एवढी तारीफ मी कधी ऐकली नव्हती.

हार्लन यांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कारण ते स्वतःबद्दल बोलायला लागले की उठून शेंगांचं कालवण ढवळायला जायचे. त्यांच्या डोंगरातलं हे गाणं, ब्लूग्रास नावाचं, म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन, ढोल नाही, ताशा नाही, आणि वेग असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. ते तरुण होते तेव्हा या गिटारला त्या वाद्यांत कुणी उभं करत नव्हतं. ही म्हणजे हवाईची, रडक्या संथ गाण्यांची. हार्लन यांनी बँजोवाल्यासारख्या तीन नख्या घालून तिला पळवली. अशी पळवणारे तेव्हा त्या अख्ख्या मुलखात बोटांवर मोजण्याइतके होते. मी विचारलं, म्हणजे तुम्ही पहिले? ते म्हणाले, "पहिला नाही. पहिल्यांच्या रांगेत मागे उभा होतो, म्हणून फोटोत आलो नाही." वीस वर्षं ते मोटारीच्या मागच्या सीटवर झोपून गावोगाव वाजवत फिरले. बऱ्याच रेकॉर्डींवर त्यांची गिटार आहे, एकीच्याही पाकिटावर नाव नाही. मग वेल्डिंग शिकले, कारण वेल्डरला आजारी बायकोचा विमा मिळत होता. हे सगळं ते कुणाची तक्रार न करता सांगायचे. दमलेला माणूस तक्रारही करत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आता आरशात दिसतं.

त्या पहिल्या दिवशी मी त्यांना एक भावगीत वाजवून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "मॅन्जी, ही गिटार बोलते तुझ्याशी." मंजिरी त्यांना कधीच म्हणता आलं नाही. मग त्यांनी गायला सुरुवात केली आणि मला खूण केली, ये. मी गेले. बाबांनी शिकवलं होतं तशी, त्यांच्या प्रत्येक शब्दामागे, त्यांनी सूर लांबवला की लांबवत, तोडला की तोडत. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला. चेहऱ्यावर राग नव्हता, दात दुखल्यासारखं काहीतरी होतं. "तू माझ्या टाचांवर पाय देत चालतेस," ते म्हणाले. "माणूस गात असताना हात उचलायचा. तो श्वास घेतो तिथे दोन सूर, बस. आणि त्याचं कडवं संपलं की तुझी पाळी. तेव्हा तू पुढे यायचं आणि आम्ही सगळे मागे. तेव्हा घाबरायचं नाही."

मला लाज वाटली, आणि बाबांना राग आला. परतीच्या रस्त्यात त्यांनी दोनदा उगाच हॉर्न वाजवला. मग म्हणाले, "माणूस गातोय आणि आपण हात उचलून बसायचं? बघत? ही कसली साथ?" मी म्हटलं, "त्यांच्याकडे तसंच असतं, बाबा." "असेल," ते म्हणाले. "पण तो गाणारा मग एकटाच की." पुढे अनेक शुक्रवार आमचा हा वाद गाडीत चालला. मी हार्लन यांची बाजू घ्यायची, कारण माझ्यात काहीतरी उघडत होतं. माझी पाळी, हा शब्दच मला नवा होता. आमच्या घरात पाळी गाणाऱ्याची असायची. इथे कुणीतरी मला सांगत होतं की आता आठ मात्रा तुझ्या, त्यांचं काय करायचं ते कर. मी तीन नख्यांनी पळायला शिकले. हात उचलायलाही शिकले, आणि ते पळण्याहून अवघड होतं. महिना महिना माझा उजवा हात त्यांच्या शब्दामागे आपोआप जायचा, आणि हार्लन नुसती भुवई वर करायचे.

माझी बारावी झाली. जुलैत मला पुण्याला कॉलेजला जायचं होतं. हार्लन यांचंही कंत्राट जूनअखेर संपत होतं, ते कायमचे परत जाणार होते. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी त्यांनी सांगितलं की जायच्या आधी त्यांना स्वतःच्या सहा गाण्यांची कॅसेट करायची आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे वाजवलं, एकदा स्वतः गायचंय. गिटारवर मी. साध्या गिटारवर ताल धरायला बेनी, त्यांच्या हाताखालचा फिलिपिनो वेल्डर, हसरा आणि मितभाषी. आणि मग ते म्हणाले, या गिटारसाठी तिकडच्या एका जुन्या वाद्यांच्या शौकिनाचं पत्र आलंय, त्याला ती काचेच्या कपाटात ठेवायचीय. "मला कपाट नकोय. पण जो नियम पाळत नाही त्याच्या हातातही नको. तू कॅसेटवर कशी वाजवतेस ते ऐकून ठरवीन, ती इथे राहते की माझ्याबरोबर येते."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मामाची गिटार हातात घेतली की लाकडाचा ओंडका वाटायची. पुण्याला जाताना ही गिटार माझ्याबरोबर असेल की नसेल, यावर माझं सगळं आयुष्य ठरणार आहे असं मला वाटत होतं. आता मागे वळून पाहते तर ते खरंच तसं ठरलं, त्यामुळे त्या पोरीला हसताही येत नाही. आई म्हणायची, "नमाजाला बसावं तशी बसतेस त्या सळीपुढे. जेव आधी." सुरमईचं कालवण, सोलकढी, भात, सगळं माझ्या ताटात निवत जायचं. बाबा एकदाच म्हणाले, "हवीच आहे का तुला ती?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या शुक्रवारसाठी गाडीत पेट्रोल भरून आले.

रेकॉर्डिंग जूनमध्ये झालं, आणि ते एसी बंद ठेवून करावं लागलं, कारण घरघर टेपवर येत होती. बहारीनमधल्या जूनच्या दुपारी बंद घरात एसीशिवाय बसणं म्हणजे काय हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. हार्लन यांनी खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या, शेजारच्या बागेतल्या पंपाचा आवाज अडावा म्हणून. बाबांनी, एसीवाल्या माणसाने, स्वतः उठून बटण बंद केलं आणि सोफ्यावर परत ताठ बसले. थोड्याच वेळात त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. माझी सळी घामाने सटकायला लागली, बेनी दर गाण्यानंतर टॉवेल पिळायचा. पाच गाणी तीन तासांत झाली. सगळी नीट. हार्लन गाताना मी हात उचललेला, त्यांच्या श्वासात दोन सूर, आणि माझ्या पाळीला पुढे. प्रत्येक गाण्यानंतर मी त्यांचा चेहरा बघायची, आणि त्यावर काही नसायचं.

सहावं गाणं त्यांनी बायकोवर रचलेलं होतं. त्यात फार काही नाही. एक बाई फाटकाजवळ उभी राहून परसातल्या कोंबड्यांना हाका मारते, आणि तिचा नवरा रस्त्याच्या वळणावरून ते ऐकतो. हे गाणं मी वर्षभर दर शुक्रवारी ऐकलं होतं, झोपेत म्हटलं असतं. पहिलं कडवं झालं, माझी पाळी झाली, दुसरं झालं. तिसऱ्याची पहिली ओळ त्यांनी गायली आणि दुसरी आलीच नाही. शब्द गेले. उकाड्याने गेले, दमल्याने गेले, की बायको आठवून गेले, मला माहीत नाही. बेनीची गिटार चालूच होती. हार्लन यांचं तोंड उघडं होतं. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं मला आजही सांगता येत नाही. ती आज्ञा नव्हती. बाबांकडे मंडळातले गाणारे पाहायचे तसं ते पाहणं होतं. माझा उजवा हात तारांपासून चार बोटं वर होता. मला ओळ येत होती. शब्दासकट येत होती, बाबांच्या हाताखाली शिकलेली मी, ती गिटारवर म्हणून दाखवली असती, आणि त्यांना पुढचं पाऊल सापडलं असतं. पण टेपच्या यंत्रावर लाल दिवा लागलेला होता, आणि माझ्या मनात एकच होतं, माणूस गात असताना हात उचलायचा. नियम. ही परीक्षाच असेल, असंही मी स्वतःला सांगितलं, तेवढी हुशार मी होते. मी हात उचलून बसून राहिले. एक ओळ कोरी गेली, तिच्यापुढची अर्धी गेली. मग हार्लन यांनी मान खाली घातली, नुसतं गुणगुणले, आणि शेवटची ओळ कशीबशी पकडली. लगेच माझी पाळी आली. मी पुढे गेले, आणि आयुष्यात वाजवलं नव्हतं इतकं स्वच्छ वाजवलं. याची मला आजही शरम वाटते, की ते चांगलं झालं.

बाबा उठले आणि एसी लावला. मग त्यांच्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी हार्लन यांना विचारलं, शेवटचं पुन्हा करायचं का, आम्हाला घाई नाही. हार्लन हसले, म्हणाले, "नो सर. खलास." त्यांनी टेप मागे नेली आणि ते गाणं पहिल्यापासून ऐकलं. तो कोरा तुकडा आला तेव्हा ते खिडकीकडे बघत होते, जिथे गोधडीशिवाय काही नव्हतं. टेप संपली. त्यांनी गिटार पुसली, पेटीत ठेवली, कड्या लावल्या, आणि पेटी माझ्या पायांशी आणून ठेवली. "तू लांब राहिलीस," म्हणाले. "मी सांगितलं होतं तसं. तुझी झाली ही." मी पेटीची कडी चाचपून पाहिली. बाबांनी माझ्या वतीने हात जोडले.

गाडीत पेटी मागच्या सीटवर होती, आणि मी पुढे बसून सारखी मागे वळून बघत होते. खजुराच्या बागा संपल्या, सिग्नल आला, तेव्हा बाबा बोलले.

"त्यांनी तुझ्याकडे बघितलं गं."

"नियम आहे बाबा त्यांचा. त्यांनीच शिकवलाय."

"हो," बाबा म्हणाले. "आला तुला नियम."

एवढंच. आवाज चढला नव्हता, उलट थोडा उतरला होता. घरी आल्यावर ते स्टुलावर बसले. तो थांबा पाच मिनिटांचा नव्हता. आईने आतून येऊन पेटी बघितली, मग आम्हा दोघांकडे बघितलं, म्हणाली, "मिळाली ना? मग तोंडं अशी का?" तिने बाबांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, त्या घरात प्रथमच, त्यांचे बूट निघायच्या आधी.

हार्लन त्यांच्या देशात परत गेले. त्यांनी मला कॅसेटची एक प्रत पाठवली आणि एक बाबांना, वेगळ्या पाकिटात, वर बाबांचं नाव स्वतःच्या अक्षरात. माझी मी कधी ऐकली नाही. दोन ख्रिसमसना त्यांची कार्डं आली, मग त्यांच्या बहिणीचं पत्र आलं. मी तोवर पुण्यात होते, पुढे त्यांच्याच देशात गेले, त्यांच्या डोंगरात, त्यांच्या गिटारसकट. पुढची तीसेक वर्षं मोटारींच्या मागच्या सीटवर काढली. त्या गाण्यात आमच्याकडची बाई आधी कुणी नव्हती, म्हणून मला पहिली म्हणतात. पहिली वगैरे नाही, दुसऱ्याने हातात दिलेलं घेऊन निघाले, इतकंच. तिथले जुने लोक अजून माझ्यावर नाक मुरडतात. म्हणतात, ही गाणाऱ्याच्या पायात पायात येते, हिला गप्प बसता येत नाही. नवे लोक त्याला माझी शैली म्हणतात, त्यावर लेख लिहितात. मला गप्प बसता येतं. एकदा बसले होते.

बाबा निवृत्त होऊन पुण्याला आले, त्यानंतरची एक दुपार सांगते आणि थांबते. मी एका दौऱ्यावरून न कळवता घरी आले होते. आईने दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं आणि माझी बॅग हातातून घेतली. आतल्या खोलीतून हार्लन यांचा आवाज येत होता. बाबा जमिनीवर पेटी घेऊन बसले होते, पाठ दाराकडे, शेजारी जुना टेपरेकॉर्डर. सहावं गाणं होतं. मी दाराशी उभी राहिले. तिसरं कडवं आलं, पहिली ओळ झाली, बेनीची गिटार एकटी राहिली, आणि बाबांची पेटी हलकेच पुढे आली. तिने ती अख्खी ओळ म्हटली, पुढची अर्धीही म्हटली, फाटकातल्या बाईसकट, कोंबड्यांसकट, आणि हार्लन यांना शेवटच्या ओळीच्या दारात आणून सोडलं. ते आत गेले. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, इथे असंच आहे.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "रोज एकदा तरी. शुक्रवारी जेवून उठले की तेच. मी म्हणते, आता तरी झोपा."

टेपवर माझी पाळी आली. बाबांनी पेटीवरून हात उचलला, भाता लावून टाकला, आणि मान खाली घालून ती शेवटपर्यंत ऐकली.